घाटमाथ्यावरचा एक थेंब

बसा. जमिनीवर बसता आलं तर जमिनीवर. नाहीतर बाकावर, खुर्चीवर. पावलं मात्र पूर्ण टेकलेली असू द्या.

एकटे वाचत असाल तर सावकाश वाचा. वर्गात कुणी वाचून दाखवत असेल, तर डोळे मिटून ऐका.

आज भूगोलाशी ओळख करून घ्यायची आहे. पाठांतर नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. थोडा वेळ स्वस्थ बसायचं आणि एकाच गोष्टीकडे पाहायचं.

श्वास आत येऊ द्या.

बाहेर जाऊ द्या.

पुन्हा एकदा.

आता पाऊस ऐका.

जुलै महिना आहे. तुम्ही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभे आहात. क्षेत्र महाबळेश्वर मागे राहिलं आहे आणि वाट आर्थर सीटच्या कड्याकडे चालली आहे. धुकं इतकं दाट आहे की हात लांब केला, तर बोटांची टोकं पुसट होतात. झाडं दिसत नाहीत. पानांवरून गळणारं पाणी तेवढं ऐकू येतं.

समोर एक ओला खडक आहे. तांबूस, खरखरीत.

त्याच्या माथ्यावर पावसाचा एक थेंब पडतो.

एवढंच पाहा. एक थेंब.

तो अजून कुठेही गेलेला नाही. त्याला घाई नाही. तुम्हीही घाई करू नका.

थेंबापाशी थांबा.

आता एक प्रश्न मनात येऊ द्या. हा थेंब कुठे आहे?

उत्तर शोधू नका. आधी पावलांखाली लक्ष न्या. तिथे डोंगर आहे. समुद्राच्या पातळीपासून तेराशे मीटरांहून उंच. एवढ्या उंचीवर जुलैतही अंगावर शिरशिरी येते. ती जाणवू द्या.

आता मन दक्षिणेकडे वळवा. खूप दूर, सुमारे २,००० किलोमीटरवर विषुववृत्त आहे. तिथून इथपर्यंतचं अंतर अंशांत मोजलं, तर जवळजवळ १८ अंश भरतं. हा थेंब १८ अंश उत्तर अक्षवृत्ताला जवळजवळ टेकून आहे.

आकडा सोडून द्या. सावलीकडे पाहा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे एक दुपार अशी येते, की सूर्य नेमका डोक्यावर असतो. सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी येते आणि नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला ती दुपार पुन्हा येते. तेव्हा ढगांमुळे ती सहसा कुणाला दिसत नाही. या जागेचा अक्षांश सूर्य असा जमिनीवर लिहितो आणि पुसतो.

आता पूर्वेकडे वळा. घड्याळात दुपारचे बारा वाजले आहेत. सूर्य मात्र अजून माथ्यावर पोचलेला नाही. वर्षभराची सरासरी धरली, तर त्याला आणखी सुमारे ३५ मिनिटं लागतात. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. इथलं रेखावृत्त साधारण ७३ अंश ४० मिनिटांचं. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. मधले अंश ती सावकाश वळते आहे.

तुम्ही बसला आहात तिथेही ती आत्ता वळते आहे. तुमच्यासकट.

थांबा.

जागा आणखी एका रीतीने सांगता येते. शेजाऱ्यांच्या नावांनी. पश्चिमेला अरबी समुद्र, इथून सुमारे ६४ किलोमीटरवर. पूर्वेला दख्खनचं पठार, आणि पठारापलीकडे बंगालचा उपसागर.

थेंब या दोन समुद्रांच्या मध्ये आहे.

एक श्वास घ्या. आपण इथे आहोत, एवढंच मनात म्हणा.

आता दुसरा प्रश्न. ही जागा कशी आहे?

मनानेच खडकावर तळहात ठेवा. हा जांभा आहे. त्यात बारीक भोकं आहेत, भोकांत पाणी आहे. बोटांना तांबडा रंग लागतो. लाखो वर्षांच्या ऊन-पावसात या दगडातलं बरंच काही विरघळून वाहून गेलं. लोह मागे राहिलं. हा त्याचा रंग.

तळहात आणखी खोल जाऊ द्या. जांभ्याखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. थरावर थर बसले. धुकं क्षणभर विरलं, तर समोरच्या कड्यावर ते थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतील.

तुमचा हात त्या सगळ्या काळावर ठेवलेला आहे.

आता वास घ्या. ओल्या मातीचा, शेवाळाचा, कुजत्या पानांचा.

आता ऐका. धुक्यात कुठेतरी शीळ ऐकू येते. लांब, सावकाश, मधेच वळण घेणारी. शीळकरी कस्तूर गातो आहे. पावसाळ्यात ओढ्याकाठी त्याचा गळा मोकळा होतो.

आजूबाजूला जांभूळ आहे, हिरडा आहे, अंजनी आहे. वाऱ्याने त्यांना फार उंच होऊ दिलेलं नाही. फांद्यांवर शेवाळ आहे.

आणि माणसं आहेत. घराच्या भिंतीला पाऊस लागू नये म्हणून ती भिंती झाकून घेतात. उघडीप मिळाली की स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांची तयारी करतात. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं, त्याखाली ओंजळ धरतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशी पाच नावं घेतात.

दगड, झाड, पक्षी, पीक, देऊळ. यातलं एकही वेगळं काढू नका. सगळं एकदम जाणवू द्या. हे ठिकाण असं आहे.

इथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. हे सगळं पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचलं असतं, तर एकाच्या खांद्यावर एक अशी उभी राहिलेली तीन माणसं त्यात बुडाली असती.

पण पाणी साचत नाही.

थेंबाकडे पाहा. तो हलतो आहे.

तिसरा प्रश्न त्याच्याबरोबर चालू द्या. कुठून आलं, कुठे चाललं?

आधी मागे पाहा. हा थेंब समुद्रावरून आला. नैऋत्येच्या वाऱ्याने अरबी समुद्रावरची वाफ उचलली आणि कोकण ओलांडलं. पुढे सह्याद्रीची भिंत आली. वाट नव्हती, म्हणून हवा वर चढली. वर चढता चढता थंड झाली. तिच्यातल्या वाफेचं पाणी झालं, आणि पाणी खाली आलं.

आता पुढे पाहा.

तुम्ही ज्या धारेवर उभे आहात, ती कौलारू घराच्या आढ्यासारखी आहे. आढ्यावर पडलेलं पाणी दोहोंपैकी एका बाजूच्या पागोळ्यांना जातं.

थेंब पश्चिमेकडे कलू द्या.

तो कड्यावरून खाली जातो. सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो. पोलादपूर येतं, मग महाड. भाताची खाचरं येतात. पाणी संथ होतं, हळूहळू खारट होतं. बाणकोटच्या खाडीत भरती त्याला मागे ढकलते, ओहोटी पुढे ओढते. सुमारे ११० किलोमीटरांत तो परत अरबी समुद्रात पोचतो.

श्वास घ्या.

आता मनाने पुन्हा वर या. तोच खडक. वीतभर पलीकडे दुसरा थेंब पडला आहे. हा पूर्वेकडे कलू द्या.

तो जोर खोऱ्यात उतरतो. कृष्णेला मिळतो. धोमच्या धरणात विसावतो, मग वाईच्या घाटांच्या पायऱ्यांना लागून जातो. माहुलीला वेण्णा भेटते. कराडला कोयना भेटते. सांगली येते. नृसिंहवाडीला पंचगंगा भेटते. मग भाषा बदलते. काठावर कन्नड ऐकू येते, अलमट्टीचं मोठं पाणी लागतं. पुढे तेलुगू ऐकू येते. श्रीशैलमची दरी, नागार्जुनसागर, विजयवाडा. हंसलदीवीला बंगालचा उपसागर. सुमारे १,४०० किलोमीटर.

दोन थेंबांत वीतभर अंतर होतं.

थांबा. या अंतरापाशी थांबा.

पाणी चालतं, तशी माणसंही चालतात. दिवाळीनंतर कोरड्या देशावरचा धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतो, कोकणातल्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतो, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वर येतो. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून मुंबईला गेलेल्या माणसांनी बंदरात आणि बाजारात पाठीवर ओझी वाहिली. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी शुद्ध करत देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोचले.

तुमच्या घरातलंही कुणीतरी कुठून तरी आलेलं असेल. त्या माणसाचा चेहरा आठवा.

क्षणभर त्या चेहऱ्यापाशी राहा.

आता चौथा प्रश्न. तो थोडा जड आहे, म्हणून आधी श्वास मोकळा करा.

माणसाने या पाण्याचं काय केलं? आणि पाण्याने माणसाचं?

तिसरा थेंब पाहा. तो कोयनेत पडला आहे. कोयना महाबळेश्वरातून निघून दक्षिणेला वाहते, डोंगररांगेला समांतर, आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. या थेंबाने पूर्वेच्या समुद्राला जायचं होतं.

वाटेत धरण आहे. १९६०च्या दशकात ते पूर्ण झालं. त्यामागे शिवसागर जलाशय पसरला आहे. थेंब तिथे थांबतो. मग त्याला डोंगराच्या पोटात खोदलेल्या बोगद्यात घेतलं जातं, पश्चिमेच्या उतारावर पोफळीला सोडलं जातं. पाणी उंचावरून कोसळतं, चक्रं फिरतात, वीज होते. सगळे टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिथून थेंब वाशिष्ठीत जातो, चिपळूणकडे जातो, अरबी समुद्रात जातो.

पूर्वेचं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं.

खोलीतल्या दिव्याकडे लक्ष द्या. दिवा बंद असेल तर बटणाकडे. तिथे काय काय येऊन पोचलं आहे, ते मनात आणा.

आता जलाशयाच्या तळाकडे लक्ष द्या. तिथे गावं होती. उंबरे होते, देवळं होती, कसलेली वावरं होती. तिथून उठलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्याही पुनर्वसनासाठी झगडत राहिल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरलं. जमिनीखालच्या त्या हालचालींचा आणि वर साठवलेल्या पाण्याचा संबंध काय, याचा अभ्यास शास्त्रज्ञ अजून करत आहेत.

दिवाही खरा आहे. बुडालेले उंबरेही खरे आहेत. दोन्ही मनात धरा. एकाने दुसरं झाकू नका.

आता पहिल्या थेंबाकडे, सावित्रीकडे, पुन्हा एकदा जाऊ या. महाडला थांबा. तिथे चवदार तळं आहे. त्याचं पाणी सगळ्यांना खुलं नव्हतं. गुरं त्यावर पाणी पीत, आणि ज्यांना अस्पृश्य म्हटलं जाई त्या माणसांना ते शिवायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले. ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले.

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. ते पाणी कुणापर्यंत पोचू द्यायचं, हे माणसं ठरवतात. नकाशात तळं निळं दिसतं. त्या निळ्यात ही गोष्टही आहे.

ओंजळ मनात धरा. ती पाण्याने भरलेली आहे.

थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता पाचवा प्रश्न. ही जागा कोणत्या मोठ्या भागात मोडते? त्यासाठी जरा उंच जा. ढगांच्याही वर. तिथून खाली पाहा.

हिरवा उतार पश्चिमेला समुद्रापर्यंत गेला आहे. ते कोकण. मधली काळी-हिरवी धार तो घाटमाथा. पूर्वेला डोंगरांची बोटं पसरत गेली आहेत आणि त्यांच्यामध्ये खोरी आहेत. ते मावळ. त्यापुढे सपाट, रुंद देश. त्याच्याही पुढे माळ, खुरट्या बाभळी, उघडे दगड. तो माणदेश.

एकच वारा या सगळ्यावरून जातो आहे. त्याच्याबरोबर सरका.

घाटमाथ्यावर तो ओझं उतरवतो. पाचगणीला पोचेपर्यंत पाऊस निम्म्याहून कमी झालेला असतो. वाईला आणखी कमी. घाट उतरताना हवा खाली येते, तापते, ढग विरतात. माणदेशात पोचेपर्यंत वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. महाबळेश्वरच्या साधारण दहावा हिस्सा. अंतर शंभर किलोमीटरही नाही.

म्हणून इकडे भात आणि नाचणी, तिकडे बाजरी आणि ज्वारी. इकडे उतरतं छप्पर, तिकडे सपाट धाब्याचं घर. इकडे पाऊस थांबायची वाट पाहतात, तिकडे तो यायची.

एका भागातून दुसऱ्या भागात चालत जा. सीमा कुठे आहे ते पाहा. एकही रेघ दिसणार नाही. गवत बदलत जाईल, मातीचा रंग बदलत जाईल, बोलण्याचा हेल बदलत जाईल, आणि मग केव्हातरी लक्षात येईल की आपण दुसऱ्या प्रदेशात आलो आहोत.

आता दुसऱ्या तऱ्हेने पाहा. ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी कृष्णेत येतं, ती सगळी जमीन एकत्र धरा. हे कृष्णेचं खोरं. सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर. देशाच्या भूभागाचा बारावा-तेरावा हिस्सा. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश, या चारही राज्यांची जमीन त्यात आहे.

राज्यांच्या रेघा पाण्याला अडवत नाहीत. या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात घराघरांत पूर शिरला, तेव्हा घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांचे दरवाजे आणि खालच्या राज्यातलं पाणी यांचा एकत्र विचार करावा लागला. एका खोऱ्यातली माणसं एकमेकांना ओळखत नसली, तरी एकमेकांच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला राहत असतात.

हे वाक्य मनात सावकाश उतरू द्या. कुणीतरी वरच्या अंगाला आहे. कुणीतरी खालच्या अंगाला आहे. मध्ये आपण आहोत.

श्वास घ्या.

तुम्ही आत्ता पाच प्रश्नांबरोबर बसला होता. कुठे आहे? कसं आहे? कुठून येतं, कुठे जातं? माणसाचं आणि त्याचं काय नातं आहे? आणि ते कोणत्या मोठ्या भागात मोडतं? स्थान, ठिकाण, हालचाल, माणूस आणि पर्यावरण, प्रदेश. १९८४ साली अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञांनी आणि शिक्षकांनी शाळांसाठी ही पाच सूत्रं एकत्र मांडली. शेतकरी, मच्छीमार, मेंढपाळ हे प्रश्न फार पूर्वीपासून विचारत आले आहेत, कारण या प्रश्नांवाचून त्यांचं चालत नाही.

आता महाबळेश्वर सोडा. तुम्ही बसला आहात ती जागा जाणवू द्या. पुणे असेल, परभणी असेल, पणजी असेल. फरशी असेल, शेणाने सारवलेली जमीन असेल, बाराव्या मजल्यावरची खोली असेल. तिच्याखालीही दगड आहे. तिच्यावरही वर्षाचा ठरावीक पाऊस पडतो. तिलाही एक उतार आहे.

हळूहळू डोळे उघडा.

एक काम बरोबर न्या. घरी गेल्यावर विचारा, आपल्या नळाला, विहिरीला, हापशाला पाणी कुठून येतं. आजीला विचारा, कारण तिला आधीची विहीर ठाऊक असते. मग मोरीतून गेलेलं पाणी कोणत्या गटारात, कोणत्या ओढ्यात, कोणत्या नदीत जातं, ते शोधा. एका दिवसात कळणार नाही. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारावं लागेल, ओढ्याच्या काठाने चालावं लागेल.

शेवटी एका गावाचं नाव हाती येईल. तुमच्या खालच्या अंगाच्या पहिल्या गावाचं. ते नाव पाठ करा. पुढच्या वेळी ओढ्यात काही टाकायला कुणाचा हात उचलला गेला, तर ते नाव त्याला सांगा, आणि तिथली मुलंही याच पाण्याकाठी शाळेत जातात हेही सांगा.